जीवामृताच्या ड्रमाने युरियाची गोणी बंद होईल का?

कोरडवाहू_सहाएकर (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकर कपाशी आणि तीन एकर सोयाबीन हाच फेर गेली दहा वर्षे चालू आहे. बैलजोडी विकल्यापासून शेणखत पडलेले नाही आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) ०.३८ टक्के, म्हणजे कमीच, आला आहे. गावातील शिबिरात एकरी २०० लिटर जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले पाणी) दिले की खताची गरज उरत नाही, असे सांगण्यात आले. येत्या खरिपात सहाही एकरांवर रासायनिक खत एकदम बंद करावे का, आणि पर्यावरणपूरक शेती म्हणजे एवढेच का, हे जाणकारांनी सांगावे.

मातीचा_हिशेब

एकदम बंद करू नका. २०० लिटरच्या ड्रमात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन आणि दोन किलो गूळ पडतो. या सगळ्यातील नत्र (नायट्रोजन) मोजले तर जेमतेम पाव किलो भरते, तर युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते वीस किलोंहून अधिक असते. जीवामृत हे मातीतील जिवाणूंचे विरजण आहे, असे त्याचे पुरस्कर्तेही सांगतात. पण दूधच नसेल तर दही कशाचे लागणार? तुमच्या शेतातले दूध म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि सोयाबीनचे कुटार (भुसा). पऱ्हाटी पेटवू नका, पण धुऱ्यावर (बांधावर) रचूनही ठेवू नका, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली या अळीने कपाशीचे किती नुकसान केले, ते यवतमाळकरांना वेगळे सांगायला नको. वेचणी संपताच पऱ्हाटीची कुट्टी करून ती शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवा.

लातूरची_शेतकरीण

वरील हिशेब पटला, पण तो खतापाशीच थांबला आहे. शेतात पिके किती, बियाणे कोणाचे आणि घरातले ताट कशाने भरते, हे प्रश्नही याच विषयाचे आहेत. आमच्याकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर अनेक बायकांनी घरच्या शेतातला एक एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी ज्वारी, तूर, मूग, उडीद व भाजीपाला लावला. सगळी जमीन पणाला लागत नसल्यामुळे घरातल्यांचा विरोधही कमी होतो. मात्र शिबिरात सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट सांगते. मिश्र पिकात एका पिकाला चालणारे तणनाशक दुसऱ्याला जाळते, म्हणून फवारा बंद होतो आणि खुरपणी वाढते. ती खुरपणी कोणाच्या कमरेवर पडते, ते ठरवूनच मिश्र पिकाच्या ओळी टाका.

धुऱ्यावरून

घाईचे उदाहरण श्रीलंकेचे आहे. तेथे एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी जाहीर झाली, पर्यायाची तयारी नव्हती, भात आणि चहा दोन्ही घसरले आणि नोव्हेंबरपर्यंत सरकारला माघार घ्यावी लागली. दोष सेंद्रिय विचाराचा नव्हता, माती तयार होण्याआधी खत काढून घेण्याचा होता, असे माझे मत आहे. तुम्ही सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्या. पावसाने ऑगस्टमध्ये दडी मारली तर सोयाबीन जाईल, पण खोल मुळांची तूर बहुधा तग धरील. विक्रीचे मात्र अवघड आहे. दोन पोते मूग घेऊन गेलो तेव्हा व्यापाऱ्याने माल थोडा म्हणून भाव पाडला होता. त्यामुळे कडधान्य आधी घरापुरते धरा आणि उरले तर चार शेजाऱ्यांचे एकत्र करून न्या.

कोरडवाहू_सहाएकर

सर्वांचे आभार. खत एकाच एकरावर बंद करीन, बाकी पाच एकरांवर माती परीक्षणाप्रमाणे देईन आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेईन. खुरपणीचे घरी विचारले, तेव्हा उत्तराऐवजी एक अट आली: त्या एकरात काय पेरायचे, ते आई आणि पत्नी ठरवणार. आईने राखेत ठेवलेले अर्धा किलो बरबटीचे (चवळीचे) बियाणे काढूनही ठेवले आहे. पऱ्हाटीच्या कुट्टीसाठी यंत्र भाड्याने घेतले असल्यास एकरी किती खर्च आला, तेवढे कोणी सांगू शकेल का?