‘न्यायदान’ हा शब्द नेमका कुठे वापरावा?

प्रश्न (कोथरूड, पुणे) :
शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील एका दिवाणी दाव्याच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करताना मी ‘न्यायालयाने वादीस न्यायदान केले’ असे लिहिले. कार्यालयातील ज्येष्ठ वकिलांनी त्या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीने दोनदा रेघ ओढून कागद परत केला. कारण विचारण्याइतकी सवड त्यांना नव्हती. न्याय हा पक्षकाराचा हक्क असताना त्याला ‘दान’ म्हणणे गैर, असा हा आक्षेप असेल का?

प्रतिसाद १ :
‘दान’ या शब्दाला बिचकू नये. संस्कृत ‘दा’ धातूचा अर्थ देणे एवढाच आहे. मतदान करणारा नागरिक उमेदवाराला भिक्षा घालत नाही, तसेच इथेही समजावे.

प्रतिसाद २ :
मी दिवाणी न्यायालयात वकिली करते. न्यायदान हे न्यायसंस्थेचे अखंड चालणारे कार्य आहे आणि साक्षीपुरावा नोंदवणे, युक्तिवाद ऐकणे, निकाल देणे हे सारे त्यात येते, म्हणून आपण ‘न्यायदानास विलंब’ किंवा ‘न्यायदानाच्या कामात अडथळा’ असे म्हणतो. रामशास्त्री प्रभुण्यांच्या निःस्पृह न्यायदानाबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांची सारी कारकीर्द डोळ्यांसमोर असते. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना त्यांनी दोषी धरले, तो मात्र एक निर्णय होता. तुमच्या वाक्यातही एकाच दाव्याचा शेवट सांगायचा आहे आणि त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २ मध्ये वेगळ्या संज्ञा आहेत. न्यायाधीश ज्यात कारणे देतात तो ‘न्यायनिर्णय’, आणि दाव्यातील वादविषयांबाबत पक्षकारांचे हक्क निर्णायकपणे ठरवणारी औपचारिक अभिव्यक्ती म्हणजे ‘हुकूमनामा’. हा भेद कृपया सैल सोडू नका, कारण दरखास्त दाखल होते ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी.

प्रतिसाद ३ :
‘निवाडा’ हा शब्दही जपून वापरावा. बोलण्यात तो कुठेही चालतो, पण कागदोपत्री तो लवादाचा असतो किंवा भूसंपादनाचा. आमच्या मुळशीतील जमिनीचा निवाडा भूसंपादन अधिकाऱ्याने जाहीर केला होता, न्यायालयाने नव्हे. तो मान्य नसेल तरच प्रकरण पुढे जाते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचा मनापासून आभारी आहे. मूळ कागद पुन्हा काढून पाहिला. त्यात मुद्देनिहाय कारणे अकरा पानांवर दिलेली आहेत आणि शेवटी, स्वतंत्र पानावर, हुकूमनामा जोडलेला आहे. मी दोन्हींना मिळून एकच शब्द वापरला होता. आता पहिल्या भागाला ‘न्यायनिर्णय’ असे शीर्षक देऊन वाक्य ‘न्यायालयाने वादीच्या लाभात हुकूमनामा केला’ असे दुरुस्त केले आहे.