चट्टे म्हणजे कच्चेपणा नव्हे
पिवळ्या स्क्वॉशवर (भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) हिरवे चट्टे असतील तर फळ कच्चं आहे, थांबा, असं वर एका ताईंनी सुचवलंय. नाही पटलं. अर्ली प्रॉलिफिक स्ट्रेटनेक (ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांच्या अमेरिकी स्पर्धेचा 1938 चा विजेता, म्हणजे चांगलाच जुना वाण) वीतभर व्हायच्या आतच कापायचा असतो. थांबलात तर साल नखाला दाद देत नाही आणि आत नुसत्या बिया. हिरवे चट्टे आणि वर गाठी, हे बहुतेक मोझॅक विषाणूचं काम. तो मावा या किडीतून पसरतो.

देठाबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. अर्ली प्रॉलिफिकचा देठ हिरवा. मल्टिपिकसारख्या संकरितात फळ फूल उमलण्याआधीपासूनच पिवळं असतं, देठही पिवळा, आणि हा पिवळेपणा देणाऱ्या जनुकामुळेच विषाणू लागला तरी हिरवे चट्टे सहसा फळावर उमटत नाहीत. झाड आजारीच, फळ तेवढं देखणं! इंदुरात आमच्या गच्चीवर दोन्ही प्रकार शेजारी होते. ऊन वाढलं तशी दोघांचीही पानं सुरकुतली, पण पिवळ्या देठाची फळं स्वच्छ निघाली. चट्ट्यांची फळं टाकू नका, माणसाला तो विषाणू बाधत नाही. पीठ पेरून भाजी करा, कळतसुद्धा नाही.