झूम १९ पर्यंत सगळं उतरवू नका
नेट नसताना पायी फिरायला नकाशा हवा म्हणून ज्यांनी अख्ख्या भागाची सॅटेलाइट इमेजरी (उपग्रहातून काढलेले फोटो) फोनमध्ये झूम १९ पर्यंत उतरवायला घेतली आणि फोनच भरला, त्यांना आधी हिशोब सांगतो. झूम (नकाशा किती जवळून दिसतो ती लेव्हल) एकाने वाढवला की टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, चौपट होतात. म्हणजे १५ ला १ हजार टाइल्स असतील तर १९ ला २ लाख ५६ हजार, आणि एक टाइल २० केबी धरली तरी नुसती ती शेवटची लेव्हलच ५ जीबी खाते! मेमरी कार्ड फॅट३२ फॉरमॅटचं असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसतच नाही, मग एमबीटाइल्स (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणारी फाइल) अर्धवट कॉपी होते आणि आपण ॲपला दोष देत बसतो.

पायी फिरायला झूम १६-१७ खरंच पुरतो, १७ ला विषुववृत्तापाशी एक पिक्सेल साधारण १.२ मीटरचा पडतो. १८ हवाच असेल तर फक्त वाटेच्या दोन्ही बाजूंची पट्टी काढा.

आणि फोटोच्या टाइल्स जेपेगमध्येच ठेवा, पीएनजी केल्या की साइज उगाच कितीतरी फुगते, पीएनजी रेषांच्या नकाशाला ठीक.

मी स्वतः इमेजरीवर वेक्टरच्या (रेषा-बिंदूंनी आखलेल्या नकाशाच्या) पायवाटा टाकूनच वापरतो, कारण दाट झाडीत फोटोत नुसता हिरवा गोळा दिसतो, वाट कुठे फुटते ते कळत नाही. पण ओढा, कडा, मोकळं माळरान ओळखायला मात्र रास्टरच, म्हणजे पिक्सेलचा फोटोच, लागतं, तिथे वेक्टर कमी पडतो. निघायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून सगळ्या लेव्हल उघडून बघाच.