बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनवर हरकत कशी घालायची?

वडगावकर: आराखड्यात शेतातून रस्ता दाखवला, तर गावानं मिळून सह्यांचं एकच निवेदन दिलं तर चालतं का?

बांधावरचा: निवेदन द्या, पण त्यावर विसंबू नका. कर्नाटक नगररचना कायदा १९६१, कलम १३ प्रमाणं आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत द्यायची. दिवस अधिसूचनेपासून मोजा, गावात कळल्यापासून नव्हे. इथंच निम्मे लोक फसतात. प्रत्येक सर्व्हे नंबरचा वेगळा अर्ज, सोबत आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि मोजणी नकाशा. नुसतं ‘रस्ता नको’ लिहिलं की अर्ज निकालात निघतो. रस्ता कुठून न्यावा ते नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनानं ओढून दाखवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नालाकाठ: अर्ज कन्नडात लिहून घ्या, मराठी प्रत मागं जोडा. भाषेचं, तत्त्वाचं भांडण वेगळं, इथं अर्ज वाचला गेला पाहिजे. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठी जमीन असेल तर पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याचे तारखेसह फोटो लावा. नकाशात पिवळा रंग म्हणजे निवासी; भाताचं शिवार पिवळं झालंय का, ते आधी बघा.

वडगावकर: पोटहिस्सा नकाशात दिसत नसेल तर?

बांधावरचा: मोजणी नकाशावर हिस्सा रंगवून द्या.