फुटबॉल प्रशिक्षकाची मुलाखत : आपले अनुभव लिहा

जून लागला की संस्थांच्या शाळा, आश्रमशाळा, कोळसाखाणींच्या वसाहतीतले संघ, सगळीकडे फुटबॉलच्या माणसाचा शोध सुरू होतो. संघ निवडायचा, सराव घ्यायचा, पोरांचे फॉर्म भरायचे, त्यांना एसटीत बसवून सामन्याला न्यायचं, हे सगळं तो एकच माणूस करतो. त्याची निवड मात्र मैदान कधी न पाहिलेले लोक बंद खोलीत करतात. त्या खोलीत काय काय घडलं ते इथं लिहा. हसू येईल असं लिहा, पण खरं लिहा.

मोठ्यांच्या नशिबीही हेच असतं. २००८ मध्ये बार्सिलोना या स्पॅनिश क्लबचे पदाधिकारी नवा प्रशिक्षक शोधत पोर्तुगीज प्रशिक्षक मोरिन्योंना भेटायला लिस्बनला गेले. मोरिन्योंनी स्लाइड्स दाखवून आपली सगळी योजना मांडली आणि काम मिळालं ग्वार्दिओलांना. २०२५ मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागवले तेव्हा ग्वार्दिओला आणि बार्सिलोनाचेच माजी प्रशिक्षक शावी यांच्या नावानंही अर्ज आले. ते बनावट असल्याचं भारतीय फुटबॉल महासंघाला जाहीर करावं लागलं. शेवटी निवड झाली खालिद जमील यांची. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकून देणारा हा माणूस, त्यामुळे मला फार आनंद झाला.

माझं मागणं एकच आहे. उमेदवाराला वीस पोट्टे आणि एक चेंडू द्या, अर्धा तास बाजूला उभं राहून बघा.

वणीकडचे क्रीडाशिक्षक

समितीत अध्यक्ष, एक निवृत्त तलाठी आणि कापसाचे व्यापारी. व्यापारीभाऊ म्हणाले, "सर, हे ऑफसाइड काय असते ते एकदा सांगाच. माहा पोरगा टीव्हीपुढं रोज ओरडते, मले काहीच समजत नाही."

मी टेबलावर सामना मांडला. पाण्याचा तांब्या गोलकी, दोन रिकामे कप बचावपटू, पेपरवेट हल्लेखोर, सुपारी म्हणजे चेंडू. सोबत्यानं पास दिला त्या क्षणी हल्लेखोर समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढं आणि शेवटून दुसऱ्या विरोधकाच्याही पुढं असला, आणि मग खेळात पडला, तर ऑफसाइड. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून चेंडू थेट मिळाला तर नाही. इतकं सांगून सुपारीला टिचकी मारली, तेवढ्यात शिपाईकाका आले आणि दोन्ही कप उचलून चहा भरायला निघाले.

तलाठीसाहेब ओरडले, "अरे, बचाव कुठं नेऊन राहिला बे?"

काकांना दारातून परत बोलावलं. कप जागेवर आले. मग तलाठीसाहेबांनी तांब्याच पुढं सरकवला, "अन् गोलकी धावत पुढं आला तर?" इतका नेमका प्रश्न मला कोणत्याच मुलाखतीत कोणी विचारला नव्हता. गोलकी हाही एक विरोधकच. तो हल्लेखोराला ओलांडून मैदानात आला आणि गोलजवळ एकटा बचावपटू उरला, तरी ऑफसाइड. यावर चांगलाच वाद रंगला, चहा राहूनच गेला. जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. तलाठीसाहेब मात्र आता तालुक्याच्या सामन्यांना झेंडा घेऊन रेषेवर उभे असतात.

धारणीकडून

आश्रमशाळेत गेलो, म्हटलं आधी मैदान दाखवा. एका बाजूला बांबूचा गोल, दुसऱ्या बाजूला दोन सागाची झाडं. समितीतल्या ठेकेदारांनी खिशातून टेप काढला. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच पाहिजे. झाडांमधलं अंतर त्याहून पुष्कळ जास्त निघालं. "झाड तर सरकवता येत नाही जी," ते म्हणाले. मग झाडांच्या आत बांबू रोवायचं ठरलं. मुलाखतीला बोलावलेला मी खड्डे खणत होतो, अध्यक्ष कोट काढून बांबू धरून उभे होते आणि पोरं आडव्या बांबूला दोरी बांधत होती. प्रमाणपत्रं कोणी पाहिलीच नाहीत. आज मी तिथंच आहे.

बल्लारपूरच्या ताई

"मॅडम, स्वयंपाक येते काय?" दौऱ्यावर मुलींसोबत राहायचं म्हणून विचारलं असेल, असं मी धरलं. म्हटलं, येतो, पण सामन्याच्या सकाळी केळी आणि पोहे देईन, आलूबोंडा अजिबात नाही. खोली एकदम शांत. सचिवसाहेबांचं बसस्टँडवर नाश्त्याचं हॉटेल होतं! मग पुढचा सगळा वेळ त्यांनी आलूबोंड्याची बाजू मांडली. मुलींचा सराव किती वाजता, चंद्रपूरकडच्या उन्हात पाणी किती वेळा, घरच्यांना तयार कसं करणार, यातलं काहीच विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं : सराव सकाळी सहाला, दर पंधरा मिनिटांनी पाणी, आणि प्रत्येक मुलीच्या आईला मी स्वतः घरी जाऊन भेटणार. निवड झाली नाही. रविवारी कॉलनीतल्या पोरींना शिकवते, आलूबोंड्याशिवाय.

दर्यापूर

आम्हाला एकच प्रश्न होता, "तुमच्याकडं टाटा मॅजिक आहे काय?" होती. झालो मॅनेजर.

पांढरकवड्याहून एक विद्यार्थी

बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी झालीय, महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्सही केलंय. पुढच्या आठवड्यात पहिलीच मुलाखत आहे. सोबत काय नेऊ?

वणीकडचे क्रीडाशिक्षक

मूळ कागद आणि झेरॉक्स, शिट्टी, बूट आणि हवा भरलेला चेंडू. खोलीत शिरल्यावर आधी विचार, शाळेची पोरं कुठं आहेत. आणि निकाल काहीही लागो, इथं येऊन लिही.