मदत हवी आहे: कलिंगडाच्या तीन टप्प्यांत किती दिवसांचं अंतर ठेवावं?

नमस्कार मंडळी. नऊ शेतकऱ्यांचा गट, मिळून सहा एकर कलिंगड. माल फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत सलग निघावा म्हणून डिसेंबर-जानेवारीत तीन लागवडी धरायच्या आहेत.

अडचण थंडीची. रात्री पारा १०-१२ अंशांवर आला की डिसेंबरचं रोप जागेवर बसतं, वेल पळत नाही. मागची लागवड उन्हाच्या जोरावर त्याला गाठते. कागदावर १५ दिवसांचं अंतर, तोड्याला जेमतेम आठ! मग सगळा माल एकदम, आणि व्यापारी म्हणेल तो भाव.

बेड सहा फुटांवर, रोपांत सव्वा फूट, म्हणजे एकरी साधारण ५८०० रोपं. बेडवर २५ मायक्रॉन मल्चिंग (प्लास्टिकचा कागद), रोपांवर क्रॉप कव्हर (थंडीपासून झाकायचं पातळ कापड). मादी फुलं दिसली की कव्हर काढावंच लागतं, नाहीतर मधमाशी आत शिरत नाही. परागीभवन अर्धवट राहिलं की फळ वाकडं. पण नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली तर? सकाळी उघडून संध्याकाळी झाकणं सहा एकरांना मजुरीत परवडतं का?

पहिल्या दोन लागवडींत २०-२२ दिवस आणि पुढे १५ ठेवले तर जमेल? नगर-सोलापूरकडच्यांनी लागवड आणि पहिल्या तोड्याच्या तारखा जातीसह द्याव्यात.