नाचाच्या स्पर्धेत शेवटचा शब्द कुणाचा: परीक्षकांचा की मतं देणाऱ्यांचा?

राजारामपुरी_एकदोनतीन
काल क्लास सुटल्यावर आमच्या पोरींत कडाक्याचा वाद झाला, तोच इथं मांडतो. 'झलक दिखला जा' घ्या, ते जिच्यावरून आलं ती बीबीसीची 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' घ्या, नाहीतर अमेरिकेचं 'डान्सिंग विथ द स्टार्स'. सेलिब्रिटींच्या या स्पर्धांत प्रेक्षकांच्या मतांना एवढं वजन का असावं? माझं म्हणणं सरळ आहे, नसावं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एक हॉल भाड्यानं घेऊन वॉल्ट्झ आणि चा-चा-चा हे जोडीनं नाचायचे प्रकार शिकवतो. वॉल्ट्झ लांबून सोपा वाटतो. दादऱ्यासारखा तीन-तीनचा ठेका, पहिल्या मात्रेवर जोर, एवढं कुणालाही कळतं. पण पहिल्या पावलाला टाच आधी टेकायची, दुसऱ्याला अंग उचलत चवड्यावर जायचं, तिसऱ्याला पाय जुळवून अलगद खाली यायचं, आणि एवढं होईतो कोपर ढळू द्यायचं नाही. माझ्याकडं एक रिटायर्ड जोडपं येतंय. दोघांच्या मध्ये, बरगड्यांपाशी, मी वर्तमानपत्राची घडी धरायला लावतो. घडी पडली की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे हॉलचा एक कोपरा वळेपर्यंतसुद्धा ती टिकत नव्हती. परवा टिकली. काकूंच्या कपाळावर घाम होता आणि काका पहिल्यांदाच पायाकडं बघायचं विसरले होते.

हे रोज डोळ्यांसमोर असलं की कुणीतरी बेताल नाचून निव्वळ चेहऱ्यावर पुढं गेलेलं फार लागतं. 2018 मध्ये अमेरिकेत रेडिओवरचा बॉबी बोन्स परीक्षकांचे गुण कमी असतानाही जिंकला. पुढच्याच वर्षी नियम बदलला, तळाच्या दोन जोड्यांतली कुठली ठेवायची ते परीक्षक ठरवू लागले. ब्रिटनमध्ये 2008 साली पत्रकार जॉन सार्जंटला परीक्षक तळाला टाकायचे आणि लोक वाचवायचे. शेवटी आपणच जिंकून बसू या धास्तीनं तो स्वतःहून बाहेर पडला. स्पर्धकालाच लाज वाटावी, इतपत हे गेलं होतं.

खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ टेकली की नाही हे पंच सांगतात, मैदानात बसलेली माणसं नाही.

पेठेतला_गोलकीपर
ताई, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. 2009 ला फुटबॉलवाला बायचुंग भुतिया 'झलक' जिंकला तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या गल्लीत तोवर नाचाचा कार्यक्रम म्हणजे आई-बहिणींचा. भुतिया आला आणि शाहू स्टेडियमवर दिवसभर शिट्ट्या मारून घसा बसलेली पोरं रात्री टीव्हीपुढं बसायला लागली. भारताचा कर्णधार, पायात बॉल खेळवणारा माणूस, हात कुठं ठेवायचे तेच त्याला कळत नव्हतं. दर आठवड्याला थोडं थोडं कळत गेलं, ते आम्ही बघत होतो. त्याला मत दिलं ते चेहऱ्याला नाही, त्या शिकण्याला दिलं.

महाद्वार_सातवाजता
त्याच फायनलला गौहर खान होती, हे विसरलास काय भावा? तिचं नाचणं आणि भुतियाचं नाचणं शेजारी शेजारी ठेवून बघ. सगळ्या सिक्कीमनं मोबाईल हातात घेतला म्हणून तो जिंकला.

पेठेतला_गोलकीपर
2011 च्या जनगणनेत अख्ख्या सिक्कीमची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. आपल्या एकट्या कोल्हापूर शहराची साडेपाच लाख. एवढ्याशा राज्याच्या जोरावर देशभरातली स्पर्धा निघत नसते. बाहेरच्या लोकांनी मतं दिली, आमच्या पेठेतनं तर गेलीच. आणि मी म्हणतो, नुसत्या सिक्कीमनं दिली असती तरी काय बिघडलं? दिल्ली-मुंबईच्या पडद्यावर त्यांचा माणूस एरवी दिसतो किती वेळा?

तबल्यामागचा
गुणच बघायचे तर 'झलक'चे पुढचे निकाल बघा. 2015 चा विजेता फैसल खान, 2017 ची तेरिया मगर. दोघंही आधी लहान मुलांच्या 'डान्स इंडिया डान्स' स्पर्धेचे विजेते. 2022 ला जिंकलेली गुंजन सिन्हा तर आठ वर्षांची, पण नाचाच्या कार्यक्रमातूनच आलेली. पोरं अफाट नाचली, वाद नाही. पण कार्यक्रम होता न नाचणाऱ्याला नाचवायचा. आधीच तयार असलेल्याला घेऊन गुण मोजायचे असतील तर सेलिब्रिटी कशाला पाहिजेत? आणि त्यात बॉलरूम उरलंय कुठं? जोडीनं धरून नाचायचं सोडून दोरांना लटकण्यातच निम्मा वेळ जातो.

राजारामपुरी_एकदोनतीन
बॉलरूमचं शंभर टक्के खरं. मला ते फार लागतं. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट नीट बघायचा तर आता मोबाईलवर ब्रिटनच्या क्लिपा शोधायला लागतात.

पण पेठेतल्या दादा, शिकण्याला मत द्यायचं तर त्याचं माप काय? पहिल्या आठवड्यात मुद्दाम वाईट नाचणारा सगळ्यात जास्त शिकलेला दिसेल.

दोन_नंबरचा_जिना
मी सहसा इथं लिहीत नाही, वाचतो. आज राहवलं नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. 2021 ला 'स्ट्रिक्टली'मध्ये रोझ एलिंग-एलिस होती, त्या स्पर्धेत उतरलेली पहिली बहिरी कलाकार. तिचा एक नाच मी मुलीला मोबाईलवर दाखवत होतो. मधेच गाणं बंद पडलं. मला वाटलं फोन बिघडला, म्हणून मी आवाजाचं बटण दाबत बसलो. मुलगी एकटक बघत होती. तिनं माझा हात धरून बाजूला केला आणि खुणेनं सांगितलं, ते बघ, ती नाचतेय. खरंच, गाणं मुद्दाम थांबवलं होतं आणि दोघंही ठेका न चुकता नाचत होती. मला आवाज नसल्याचं कळलं. तिला काही बदललंय हेच कळलं नव्हतं, कारण तिच्यासाठी बदललंच नव्हतं.

रोझ ती स्पर्धा जिंकली. 'स्ट्रिक्टली'च्या फायनलला परीक्षकांचे गुण नुसते माहितीसाठी असतात, निकाल सगळा लोकांच्या मतांवर. तो हक्क काढून घ्या असं मला कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार.

राजारामपुरी_एकदोनतीन
ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

तरी एक सांगतो, आणि रोझच्या मानासाठीच सांगतो. तिला सहाव्या आठवड्यातच टँगोला 40 पैकी 40 मिळाले होते. तोवर कुठल्याच वर्षी इतक्या लवकर कुणाला मिळाले नव्हते. तिला लोकांच्या मायेची गरज नव्हती. ती नाचून जिंकली.

दोन_नंबरचा_जिना
मान्य. मग 2024 चा ख्रिस मॅककॉसलँड? त्याला दिसत नाही. त्याच्या जोडीदारानं, डायन बसवेलनं, प्रत्येक पाऊल हातानं चाचपवून आणि शब्दांनी सांगून शिकवलं. फायनलला त्याच्याहून जास्त गुण असलेले होते, तरी लोकांनी त्याला निवडलं. कधी न बघितलेली गोष्ट अंगात उतरवणं किती अवघड, ते कोपराच्या गुणांत कुठं मोजणार? शिकवणाऱ्या तुम्ही, तुम्हीच सांगा.

तालमीतला_जुना
खासबागेचं नाव निघालं म्हणून बोलतो. निकाल पंचांचाच, त्यात दुमत नाही. पण ताईंनी अर्धंच सांगितलं. कुस्ती काटा झाली की बघणारा माणूस उठतो, खिशात हात घालतो आणि पैलवानाला रोख बक्षीस लावतो. हरलेल्यालासुद्धा. मी स्वतः आस्मान बघून उठलोय आणि अंगाला माती असताना लोकांनी माझ्या हातात नोटा कोंबल्यात. त्या दिवशी घरी जाताना मान वर होती. पण म्हणून मी जिंकलो, असं कुणी म्हटलं नाही आणि मलाही ते चाललं नसतं.

राजारामपुरी_एकदोनतीन
काका, हे मला जमेल. लोकांचं बक्षीस वेगळं द्या, मोठं द्या, टीव्हीवर गाजवून द्या. चषक मात्र गुणांवर.

पेठेतला_गोलकीपर
म्हणजे भुतियाला नोटा आणि गौहरला चषक. नाही पटत, ताई. ते मैदान रोजच्या पैलवानांचं असतं. इथं सगळेच परक्या आखाड्यात उतरलेले.

दोन_नंबरचा_जिना
विषय सोडून विचारतो. मुलीला वॉल्ट्झ शिकायचाय. घ्याल?

राजारामपुरी_एकदोनतीन
घेणार. पण आधीच सांगून ठेवतो, हॉलची फरशी शहाबादी आहे, त्यातून ठेका पायाला कळायचा नाही. सुरुवातीला तुम्ही समोर उभ्या राहून बोटांनी एक-दोन-तीन मोजा, मी तिच्या पाठीवर हातानं पहिली मात्रा देत जाईन. मला खुणांची भाषा येत नाही, तेवढं तुम्ही दोघींनी मला शिकवायचं. बूट सपाट तळव्याचे आणा, रबराचे नको, फरशीवर वळताना अडकतात.